जलबाण : शाळेच्या पटांगणावरील अग्निबाणविद्या

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून भारतभूमीवरील पहिला संशोधन-अग्निबाण आकाशात गेला. तो अग्निबाण अमेरिकेत बनलेला होता. कार्यालयासाठी गावातील चर्चची वास्तू वापरण्यात येत होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरूनही नेले जात होते. त्यानंतर साठ वर्षे पूर्ण होण्याच्या आतच, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवालगतच्या प्रदेशात अलगद उतरले. हा सोहळा शाळाशाळांतून मुलांनी पाहिला. असे काही पाहिल्यानंतर मुलाच्या मनात पहिली इच्छा उत्पन्न होते ती ही की, आपणही एक अग्निबाण करावा आणि तो उडवावा.

या इच्छेचे पुढे काय होते, हा शिक्षकांनी व पालकांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील आठवीच्या एका विद्यार्थ्याने एका दिवाळीनंतर फुसके निघालेले फटाके गोळा केले, त्यांतील दारू काढली आणि ती पत्र्याच्या नळीत भरून वात पेटविली. नळी उडाली नाही, ती फुटली. मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो मुलगा उनाड नव्हता; विज्ञानाच्या तासाला सर्वांत अधिक प्रश्न तोच विचारीत असे. दारूशी खेळू नकोस, असे त्याला घरी व शाळेत अनेकवार सांगण्यात आले होते. मग अग्निबाण करावयाचा तो कसा, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांपैकी कोणी दिले नव्हते.

ते उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. रिकामी प्लॅस्टिकची बाटली, थोडे पाणी आणि सायकलचा पंप एवढ्या साहित्यावर, कोणताही ज्वालाग्राही पदार्थ न वापरता, खरा अग्निबाण ज्या नियमांनी उडतो त्याच नियमांनी उडणारे साधन शाळेत तयार करता येते. त्यात अग्नी नसल्यामुळे त्यास आपण ‘जलबाण’ म्हणू.

पूर्वपीठिका

दारूचा बाण आपल्या देशाला नवा नाही. मराठी फौजांतून तो वापरला जात असे, आणि हैदरअली व टिपू सुलतान यांनी लोखंडी नळीच्या बाणांचा उपयोग इंग्रजांविरुद्ध केला. ते बाण पाहिल्यानंतरच इंग्लंडात विल्यम काँग्रीव्ह याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपले बाण तयार केले. परंतु बाण हा छंद व अभ्यासाचा विषय म्हणून कसा रुजला, याचा बोधप्रद इतिहास अमेरिकेतील आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर अमेरिकेतील असंख्य शाळकरी मुले घराच्या तळघरात, परसात अग्निबाण बनवू लागली. धातूच्या नळ्यांत घरी केलेली मिश्रणे भरली जात आणि त्यांतून गंभीर अपघात होत. जी. हॅरी स्टाइन हा त्या काळी व्हाइट सँड्स येथील अग्निबाण-चाचणी क्षेत्रात काम करीत असे. या अपघातांनी तो अस्वस्थ झाला होता. नेब्रास्का राज्यातील ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने १९५४ साली कागदी नळीचा, हलक्या लाकडाचे पंख असलेला आणि हवाई छत्रीने खाली येणारा लहान बाण तयार केला होता. त्यात एकदाच वापरावयाचे लहानसे इंजिन बसविलेले असे. कार्लाइलने आपले नमुने स्टाइनकडे पाठविले, आणि या दोघांच्या प्रयत्नांतून नमुना-अग्निबाणांचा छंद उभा राहिला. १९५८ साली व्हर्नन एस्टेस याने अशी इंजिने यंत्राने बनविण्याची सोय केली व छंद सर्वत्र पसरला.

या छंदाचा पाया एका नियमावर आहे. बाण मुलाने करावा, इंजिन त्याने कधीही करू नये. धातूची नळी वापरू नये आणि पेटविण्याचे काम दुरून, विजेच्या साहाय्याने करावे. मुलांना नुसते ‘नाही’ म्हणण्याऐवजी त्यांच्या हाती अधिक चांगले साधन देणे, हे स्टाइन व कार्लाइल यांचे खरे कार्य होय.

आपल्याकडील परिस्थिती

हा छंद आपल्या शाळांत जसाच्या तसा आणणे मात्र कठीण आहे. त्या प्रकारची इंजिने आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. १८८४ चा स्फोटक पदार्थविषयक कायदा व त्याखालील २००८ चे नियम यांनुसार स्फोटक द्रव्ये परवान्यावाचून तयार करता येत नाहीत, आणि हे निर्बंध योग्यच आहेत. इंजिन मिळत नाही म्हणून ते घरी करावे, असा विचार कोणी करील, तर तो पुन्हा त्या पत्र्याच्या नळीपाशी येऊन पोहोचेल.

जलबाणात ही अडचण उरत नाही. त्याचे ‘इंधन’ म्हणजे पंपाने भरलेली हवा. ती साठवून ठेवावी लागत नाही आणि पेटत नाही. भरलेली हवा कोणत्याही क्षणी सोडून देऊन साधन निर्धोक करता येते, हा दारूच्या तुलनेत त्याचा सर्वांत मोठा गुण होय. एका बाणाला येणारा खर्चही नगण्य आहे.

जलबाण वर का जातो ?

बाटलीत सुमारे एक तृतीयांश पाणी भरून तिचे तोंड बुचाने बंद करावे, ती उलटी उभी करावी आणि बुचातून आत हवा भरावी. दाब वाढत जातो व एका क्षणी बूच निसटते. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलते. क्रियेइतकीच व तिच्या विरुद्ध दिशेने प्रतिक्रिया असते, हा न्यूटनने १६८७ साली मांडलेला तिसरा नियम येथे डोळ्यांना दिसतो.

अग्निबाण आपल्यामागील हवेला किंवा जमिनीला रेटून वर जातो, असा समज विद्यार्थ्यांत हटकून आढळतो. याबद्दल त्यांना हसू नये. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या प्रख्यात वृत्तपत्राने अग्रलेखात नेमकी हीच चूक करून रॉबर्ट गॉडार्ड या शास्त्रज्ञाचा उपहास केला होता. निर्वात प्रदेशात अग्निबाण चालणार नाही, असे त्या पत्राचे म्हणणे होते. गॉडार्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरील पहिला अग्निबाण उडविला. अपोलो-११ यान चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक मान्य केली. रेटा मिळतो तो मागे टाकलेल्या वस्तुमानापासून. पटांगणावर हे सहज पटवून देता येते. हवा तीच व दाबही तोच ठेवून एकदा पाण्यावाचून व एकदा पाण्यासह बाण सोडावा. दोन्ही वेळी जमीन तेवढीच जवळ असते, तरीही पाण्याचा बाण कितीतरी उंच जातो.

असे का, हे आकड्यांनी पाहू. दोन लिटरच्या बाटलीत ६५० मिलिलिटर पाणी घातले असता हवेसाठी १,३५० मिलिलिटर जागा उरते. पंपाने दर चौरस इंचास सुमारे ४५ पौंड, म्हणजे बाहेरील हवेपेक्षा सुमारे तीन वातावरणे अधिक, एवढा दाब दिला, तरी आतील सर्व हवेचे वजन सहा-सात ग्रॅमच भरते. पाण्याचे वजन ६५० ग्रॅम, म्हणजे शंभरपट असते. हवा ही ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठविते, आणि मागे टाकावयाचे वस्तुमान पाणी पुरविते. दोन्ही हवीत.

या दाबाने पाणी आरंभी सेकंदास सुमारे २४ मीटर वेगाने बाहेर पडते. बाटलीच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. यावरून रेटा काढला तर तो सुमारे २३ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. पाण्यासकट बाण जेमतेम पाऊण किलोचा असतो. आपल्या वजनाच्या तीसपट रेटा मिळाल्यावर तो डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच दिसेनासा व्हावा, यात नवल नाही. सर्व पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपते. त्या वेळी बाण सुमारे पुरुषभर उंचीवरच असतो, पण त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक झालेला असतो. पुढील सुमारे ३० मीटरची चढण तो केवळ मिळविलेल्या वेगावर चढतो.

उपग्रह सोडणाऱ्या मोठ्या अग्निबाणातील वायू याच्या शंभरपट व त्याहूनही अधिक वेगाने बाहेर पडतात. फरक आहे तो वेगाचा, नियम तोच आहे. उत्सर्गाचा वेग आणि भरलेल्या व रिकाम्या अग्निबाणाच्या वजनांचे गुणोत्तर यांवर अंतिम वेग अवलंबून असतो, हे रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेले समीकरण जलबाणालाही लागू पडते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या दृष्टोत्पत्तीस आणावी. परत आलेल्या बाटलीत पांढरे धुके दिसते. दाबलेली हवा एकाएकी प्रसरण पावल्याने थंड होते आणि तिच्यातील वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. पावसाळी ढग याच कारणाने तयार होतात. भूगोलाच्या शिक्षकांनी या धुक्याचा उपयोग अवश्य करावा.

साहित्य व कृती

बाटली ही वायुयुक्त शीतपेयाचीच असावी. पेट या प्लॅस्टिकची अशी बाटली १९७३ साली नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकी अभियंत्याने पेटंट घेऊन पुढे आणली. आतील वायूचा दाब सहन करणे हाच तिचा उद्देश आहे. पिण्याच्या साध्या पाण्याची पातळ बाटली या कामी उपयोगाची नाही. काचेची बाटली अथवा धातूचा डबा कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

बूच प्रयोगशाळेतील एका छिद्राचे रबरी घ्यावे. ते बाटलीच्या तोंडात अर्धेअधिक घट्ट जावे. छिद्रात धातूची आखूड नळी बसवून तिला किमान पाच मीटर लांबीची, दाब सहन करणारी रबरी नळी जोडावी. फवारणी पंपाची नळी यासाठी चांगली, मात्र ती नवीन असावी; औषध फवारलेली जुनी नळी मुलांच्या हाती देऊ नये. नळीच्या पंपाकडील टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा आणि व्हॉल्व्हच्या अलीकडे एक लहान कॉक ठेवावा. कॉक उघडताच दाब निघून जातो. हा कॉक म्हणजे या संपूर्ण उपकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय व तो गाळण्याचा मोह टाळावा. पंप दाबाचा काटा असलेला घ्यावा.

बाण उभा राहण्यासाठी लाकडी फळीवर तीन काठ्या अशा रोवाव्यात की उलटी बाटली त्यांच्यामध्ये सैल उभी राहील. फळीखाली चार विटा ठेवल्या म्हणजे नळीला जागा मिळते. वाऱ्याने किंवा नळीच्या ओढीने घडवंची कलंडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवावेत.

पंखांसाठी जुन्या प्लॅस्टिक फाइलींचे पुठ्ठे उत्तम. कागदी पुठ्ठा पहिल्याच उड्डाणात भिजतो. सारख्या आकाराचे तीन किंवा चार पंख तोंडाकडील भागावर सारख्या अंतरावर चिकटपट्टीने बसवावेत. बाटलीला तापलेली सळई, गरम डिंक वा काचकागद लावू नये. त्याने तिची भिंत दुबळी होते आणि ती दाबाखाली त्याच ठिकाणी फाटते. वरच्या टोकाला दुसऱ्या बाटलीचा कापलेला घुमटाकार भाग टोपणासारखा बसवून त्यात ओल्या शाडूचा लिंबाएवढा गोळा ठेवावा व टोकावर स्पंजाचा जाड तुकडा बांधावा. अणकुचीदार अथवा कठीण टोक करू नये.

बाण सरळ कशाने जातो ?

दिवाळीतील बाणाला लांब काडी असते. ती मोडली तर बाण भलतीकडे जातो, हे मुलांना ठाऊक असते. कारण मात्र ठाऊक नसते. उडत्या वस्तूचे वजन ज्या बिंदूत एकवटल्यासारखे असते तो तिचा गुरुत्वमध्य, आणि बाजूने येणाऱ्या हवेचा दाब ज्या बिंदूत एकवटल्यासारखा असतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य पुढे व दाबमध्य मागे असेल तर बाण तिरका होताच हवा त्याचे शेपूट मागे लोटून त्यास पुन्हा सरळ करते. घराच्या कौलावरील वातकुक्कुट ज्या कारणाने वाऱ्याकडे तोंड करतो, तेच हे कारण. काडीने अथवा पंखांनी दाबमध्य मागे जातो आणि शाडूच्या गोळ्याने गुरुत्वमध्य पुढे येतो.

याची परीक्षा उड्डाणापूर्वी घ्यावी. रिकामा बाण बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधावा, तेथे दीड-दोन मीटर लांबीचा मजबूत दोरा बांधावा आणि तो मोकळ्या जागी डोक्याभोवती गोल फिरवावा. टोक पुढे ठेवून बाण फिरला तर तो स्थिर आहे. तो आडवा किंवा उलटा फिरू लागला तर पंख मोठे करावेत अथवा शाडू वाढवावा. पुठ्ठ्यावर बाणाची बाह्याकृती काढून ती कापावी व तोलावी, म्हणजे दाबमध्याचे स्थान अदमासे कळते. ते गुरुत्वमध्याच्या मागे किमान बाटलीच्या जाडीइतके असावे. या एका चाचणीने फसणाऱ्या उड्डाणांपैकी बहुतेक टळतात आणि विद्यार्थ्यांना आधी हिशेब, मग कृती ही सवय लागते.

उड्डाणाचे नियम

जलबाण दारूपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. वर दिलेल्या उदाहरणात बाटलीतील दाबलेल्या हवेत जी शक्ती साठते, ती पाच किलोचा दगड सात मीटर उंचीवरून पडताना मिळणाऱ्या शक्तीइतकी असते. खाली येणारा रिकामा बाणही ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो. म्हणून पुढील नियमांत सवलत देऊ नये.

१. उड्डाण शिक्षकांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावे. पंप मारणाऱ्याने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा.

२. दाब दर चौरस इंचास ४५ पौंडांपलीकडे नेऊ नये. शेजारच्या शाळेचा बाण अधिक उंच गेला, हे दाब वाढविण्याचे कारण होऊ शकत नाही. उंची वाढवावयाची ती वजन, आकार व पाण्याचे प्रमाण यांचा अभ्यास करून वाढवावी.

३. पंप मारणारा पाच मीटरवर आणि इतर सर्व किमान पंधरा-वीस मीटरवर असावेत. हवा भरू लागल्यावर बाणावर कोणी वाकू नये व त्यास हात लावू नये.

४. काटा ४५ वर येऊनही बूच निसटले नाही तर पंप थांबवावा. जवळ न जाता कॉक उघडून दाब पूर्ण उतरवावा, काटा शून्यावर आल्याची खात्री करावी व मगच बुचाची तपासणी करावी.

५. बाण उभाच सोडावा. माणूस, जनावर, घर अथवा वाहन यांच्या रोखाने तो कधीही सोडू नये.

६. प्रत्येक उड्डाणापूर्वी बाटली पाहावी. चुणी, ओरखडा, पांढुरका डाग किंवा बुडाला तडा दिसल्यास ती टाकून द्यावी. दहा उड्डाणांनंतर चांगली दिसणारी बाटलीही बदलावी. उन्हात तापलेली बाटली वापरू नये.

७. बाण तारांवर, माडावर अथवा कौलांवर अडकला तर तो तेथेच सोडून द्यावा. विजेच्या तारेवरील बाण काठीने काढण्याचा प्रयत्न जिवावर बेतेल.

गोव्यात शाळांच्या भोवती माडांच्या बागा व विजेच्या तारा यांची दाटी असते. अशा शाळांनी गावाबाहेरील सडा किंवा भातकापणीनंतरचे मोकळे शेत मालकाच्या संमतीने निवडावे. वारा मंद असतो अशी सकाळची वेळ साधावी. विमानतळालगतच्या शाळांनी संबंधित अधिकाऱ्यांना आधी विचारावे.

उंचीची मोजणी व प्रयोग

एकदा बाण उडाला, टाळ्या झाल्या आणि मुले घरी गेली, एवढ्यावर हा उपक्रम संपला तर तो खेळच राहील. मोजणी सुरू झाली म्हणजे त्याचा अभ्यास होतो.

उंची मोजण्याचे साधन विद्यार्थ्यांनी स्वतः करावे. मोठ्या कोनमापकाच्या सरळ कडेला पपईच्या देठाची सरळ नळी बांधावी आणि कोनमापकाच्या मध्यबिंदूपासून दोऱ्याने एक नट लोंबत सोडावा. नळीतून बाणाचे सर्वोच्च स्थान पाहताच दोरा बोटाने दाबून धरावा. नळी आडवी असताना दोरा ९० अंशांवर असतो, म्हणून वाचलेला अंक व ९० यांतील फरक हा उन्नत कोन होय. निरीक्षक उड्डाणस्थानापासून मोजून ३० मीटरवर उभा असल्यास उंची पुढीलप्रमाणे येते :

उन्नत कोन ३० अंश — उंची १७ मीटर
उन्नत कोन ४० अंश — उंची २५ मीटर
उन्नत कोन ४५ अंश — उंची ३० मीटर
उन्नत कोन ५० अंश — उंची ३६ मीटर
उन्नत कोन ६० अंश — उंची ५२ मीटर

यात निरीक्षकाच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवावी. वाऱ्याने बाण एका बाजूस सरकतो, म्हणून समोरासमोर दोन निरीक्षक ठेवून दोघांच्या उंचींची सरासरी घ्यावी. त्रिकोणमिती न शिकलेल्या वर्गांनी वहीवर प्रमाणात त्रिकोण काढून उंची मोजावी. उत्तर तेच येते.

यानंतरचा मुख्य प्रयोग पाण्याच्या प्रमाणाचा. बाण व दाब तेच ठेवून अनुक्रमे ०, २५०, ५००, ७५०, १,००० व १,५०० मिलिलिटर पाणी घ्यावे. प्रत्येक प्रमाणास तीन उड्डाणे करून सरासरी काढावी. बूच दर वेळी सारखेच आत जावे म्हणून त्यावर शाईची खूण करावी, व ते निसटताना काटा कोठे होता हेही नोंदवावे. उड्डाणापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. पाणी जितके अधिक तितकी उंची अधिक, असा बहुतेकांचा अंदाज असतो. आलेख काढला की रेषा आधी चढते, बाटलीच्या चतुर्थांश ते सुमारे दोन पंचमांश भागाच्या दरम्यान शिखर गाठते आणि पुढे उतरते असे दिसून येते. पाणी फार कमी असेल तर मागे टाकावयास वस्तुमान नाही. फार अधिक असेल तर बाण जड होतो व हवेला, म्हणजे साठविलेल्या शक्तीला, जागा उरत नाही. आपला अंदाज चुकला, हे आपणच केलेल्या मोजणीवरून मान्य करणे, हा विज्ञानशिक्षणाचा मोठा लाभ होय.

पुढील वर्षी पंखांची संख्या, टोकाचा आकार, रिकाम्या बाणाचे वजन असे एकेक प्रयोग घेता येतील. पातळ प्लॅस्टिकची पिशवी व आठ दोरे यांची हवाई छत्री टोपणाखाली घडी करून ठेवता येते. टोपण सैल असल्यास वरच्या टोकाला ते आपोआप सुटून छत्री उघडते. अनेकदा ती उघडतही नाही. मग ती का उघडली नाही, याचा शोध हाच त्या दिवसाचा पाठ समजावा.

शाळा, गाव आणि शासन

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १९९९ साली घोषित केलेला जागतिक अवकाश सप्ताह दरवर्षी ४ ते १० ऑक्टोबर या काळात येतो. पाऊस ओसरलेला असतो आणि परीक्षांची घाई नसते. या सप्ताहात भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या केंद्रांतूनही विद्यार्थ्यांसाठी जलबाणाचे कार्यक्रम होत आले आहेत. आशिया व प्रशांत विभागातील देशांच्या अवकाश संस्थांच्या मंचातर्फे २००५ पासून विद्यार्थ्यांचे जलबाण मेळावे भरू लागले. जलबाण हे निव्वळ खेळणे नव्हे, अशी या क्षेत्रातील जाणत्यांचीही धारणा आहे, हे यावरून दिसून येईल.

तालुक्यातील चार-पाच शाळांनी एकत्र येऊन एक घडवंची, एक काट्याचा पंप व दोन कोनमापक साधने ठेवली तरी सर्वांचे काम भागेल. बक्षीस केवळ सर्वांत उंच गेलेल्या बाणास देऊ नये. ज्या गटाचा आधी लिहिलेला अंदाज प्रत्यक्ष उंचीच्या सर्वांत जवळ आला, त्यास पहिले बक्षीस द्यावे. त्यामुळे दाब वाढविण्याची चढाओढ टळते. मुलींचे गट आवर्जून करावेत. ग्रामस्थांपैकी सायकल दुरुस्त करणारा, नळजोडणी करणारा, सुतार यांना पाचारण करावे. व्हॉल्व्ह, कॉक व घडवंची यांबाबत त्यांचे ज्ञान शिक्षकांपेक्षा अधिक असते आणि आपल्या हातच्या कामाला शाळेत मान आहे, हे मुलांनाही कळते. अधिकारीवर्गाने शाळाभेटीच्या वेळी विद्यार्थ्यांची नोंदवही व आलेख पाहावेत, आणि त्याहून आधी कॉक बसविला आहे किंवा नाही ते पाहावे.

आरंभी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, तो पुढे उत्तीर्ण होऊन नोकरीस लागला. डाव्या हाताने लिहिण्यास तो त्याच वर्षी शिकला. आमच्या शाळेत पहिला जलबाण उडाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. तो दोन वर्षे आधी उडाला असता तर, हा विचार प्रस्तुत लेखकास अद्याप सोडीत नाही. दिवाळी दरवर्षी येते आणि फुसके फटाके वेचणारी मुले प्रत्येक वाड्यावर असतात. त्यांना दटावण्याबरोबरच, एका रिकाम्या बाटलीसह त्यांना पटांगणावर बोलावणे, एवढे प्रत्येक शाळेस खचित करता येण्यासारखे आहे.